पहिला शब्द मी द्यायचो

आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकात मी सात वर्षं काम केलं आणि मला एकदाही कुणी पाहिलं नाही. मी प्रॉम्प्टर होतो. डाव्या विंगेत, तेलाच्या उलट्या डब्यावर, मांडीवर वही घेऊन बसायचं आणि राजा अडला की त्याला वाक्यातला पहिला शब्द द्यायचा. पुढचं तो घेऊन जायचा. टाळ्या राजाला, शिट्ट्या राणीला आणि मला दुसऱ्या दिवशी बसलेला घसा. पण खोटं कशाला सांगू, त्या डब्यावर मला जे सुख मिळालं ते नंतर कुठल्याही खुर्चीत मिळालं नाही. सगळं गाव ज्याच्याकडे डोळे लावून बसलंय, त्याला माझ्या एका शब्दावाचून पुढं सरकता येत नाही! हे सुख फार वाईट. गोड लागतं म्हणूनच वाईट. ते किती वाईट, हे मला आत्याच्या नोकरीच्या वेळी कळलं.

आत्या म्हणजे वडिलांची सगळ्यात धाकटी बहीण. माझ्यापेक्षा पाचच वर्षांनी मोठी, त्यामुळे मी तिला अरेतुरेच करायचो आणि ती मला नावानं हाक मारण्याऐवजी 'नाटक्या' म्हणायची. आमचं गाव घोडेगावच्या वर, तळेघरच्या रस्त्याला. भात आणि नाचणी पिकवणारं, दिवसातून तीन एसट्या बघणारं. बारावी झाल्यावर तिला पारगावच्या बाजूला, उसाच्या गावात दिली. बारमाही पाणी, साखर कारखाना जवळ, त्यामुळे वरच्या अंगाच्या पोरींना तिचा हेवा वाटायचा. चार वर्षांनी ती एक पत्र्याची पेटी घेऊन परत आली. नवऱ्यानं दुसरी घरात आणली होती. आमच्या घरात त्यावर फार बोलणं झालं नाही. आईनं पेटी आत ठेवली, आत्यानं दुसऱ्या दिवशी शेणाची पाटी उचलली आणि सात वर्षं निघून गेली.

त्या सात वर्षांत तिनं एकच गोष्ट स्वतःसाठी केली. घोडेगावला टायपिंगचा क्लास लावला आणि मराठी तीसची, म्हणजे मिनिटाला तीस शब्दांची, परीक्षा पास झाली. बोलणं कमी, पण मशीनवर बसली की गारा पडल्यासारखा आवाज यायचा.

घोडेगावच्या स्टँडसमोर एका शेटजींचं वह्या-पेनांचं आणि झेरॉक्सचं दुकान होतं. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले होते म्हणे, पण शेटजी आमच्याहून ठसक्यात मराठी बोलायचे. भरतीच्या जाहिराती कापून ते दाराच्या फळीवर चिकटवायचे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. पुण्याला जिल्ह्याच्या कचेरीत लिपिकांच्या जागा निघाल्या, तेव्हा त्यांनी आत्याला हाक मारली.

"ताई, ही जाहिरात वाचा. आणि वयाची ओळ दोनदा वाचा."

आत्यानं बोटांवर हिशेब केला. या भरतीला वय बसत होतं. पुढच्या भरतीला बसणार नव्हतं.

आणि त्याच दिवाळीत तिचे चुलत सासरे आमच्याकडे आले. पडवीत बसून पाणी प्याले आणि म्हणाले, "झालं गेलं सोडून द्या, पावणं. दुसरीला लेकरं हायती, घरात कामाला मानूस न्हाई. हिला लावून द्या." माझे वडील शब्दाला जपणारे आणि त्या काळात फार थकलेले. त्यांनी बराच वेळ पंच्याच्या टोकाला पीळ घातला. मग म्हणाले, "तिचं नोकरीचं चाललंय. लागली तर लागली. न्हाई लागली तर गुढीपाडव्याच्या आत म्या सोता आणून सोडतो."

आत्या आत चुलीपाशी होती. तिनं ऐकलं. तिला कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे ती काही बोलली नाही. लिपिकाची खुर्ची नाही मिळाली, तर सवतीच्या लेकरांची धुणी. इतकं सरळ होतं ते.

आता तुम्ही म्हणाल, अशा वेळी घरात गंभीर माणसानं पुढं यावं. आला मी! तोवर मी स्वतः नऊ ठिकाणी अर्ज केले होते आणि नऊ ठिकाणी नापास झालो होतो, म्हणजे अनुभव दांडगा. मी आत्याच्या परीक्षेचा दिग्दर्शक, व्यवस्थापक आणि पडदा ओढणारा, सगळं स्वतःच झालो. भिंतीवर तीन रंगांच्या शाईत वेळापत्रक लावलं. पहाटेचा गजर लावला. तांदळाच्या पोत्याच्या लेबलांमागे प्रश्न लिहून त्यांच्या चिठ्ठ्या केल्या. आणि सगळ्यात मोठा पराक्रम म्हणजे गावभर सांगितलं. मग पाणवठ्यावर, गिरणीत, एसटीत, जो भेटेल तो तिला विचारायचा, "झाला का अभ्यास?" "कवा हाय परीक्षा?" "बघ बाई, एवढी एकच संधी हाय." भीमाशंकराला जाणाऱ्या एका म्हातारीनं तर परस्पर तिच्या नावानं नवस बोलून टाकला.

आत्याचं जेवण तुटलं. गजर वाजायच्या आधीच तिचे डोळे उघडे असायचे. मी म्हणायचो, चांगलं लक्षण आहे, ध्यास लागलाय.

तरी लेखी परीक्षेत ती पास झाली. परीक्षेच्या वर्गात ती एकटी गेली होती आणि मला आत सोडलं नव्हतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, अशी शंकाही तेव्हा मला आली नाही. मी गावात पेढे वाटले, जणू पेपर मीच लिहिला होता.

मुलाखतीचं पत्र आलं. महिनाभर अवधी होता. मूळ प्रमाणपत्रं, त्यांच्या साक्षांकित प्रती, दोन फोटो. सही-शिक्क्याला राजपत्रित अधिकारी पाहिजे, आणि आमच्या भागात हाताला लागणारा असा एकच माणूस होता, तो म्हणजे गुरांचे डॉक्टर. ते एका म्हशीपाशी कोपरापर्यंत कामात होते. "थांब जरा," म्हणाले, हात धुतले, गोठ्याच्या कठड्यावर कागद ठेवून बारावीच्या गुणपत्रिकेवर 'खरी प्रत' असा शिक्का मारला आणि आत्याकडे बघून म्हणाले, "तुझे मार्क चांगले आहेत गं. इतके दिवस कुठं होतीस?" आत्या खाली बघून उभी राहिली. उत्तर मीच दिलं. "घरीच होती, साहेब."

रोज सकाळी धारा काढून झाल्या की पडवीत आमची तालीम सुरू व्हायची. मी साहेब. पोत्याला टेकून, पायावर पाय टाकून, वडिलांचा चष्मा नाकावर. आत्या समोर पाटावर बसायची. पाटच का? आमच्याकडे ज्याला काही विचारायचं असतं त्याला पाटावर बसवतात, एवढंच. कुणाच्याच मनात दुसरं काही आलं नाही. डोक्यावर पदर, नजर जमिनीवर.

"पंचायत राज व्यवस्थेविषयी काय सांगाल?" मी पल्लेदार आवाजात विचारायचो.

आत्या थांबायची. मी हळूच म्हणायचो, "त्रिस्तरीय..."

"त्रिस्तरीय रचना असते," की आत्या सुटली! गाव, तालुका, जिल्हा, समित्या, सभापती, धडाधडा. एकही चूक नाही. मी तिच्या हुशारीवर खूश आणि स्वतःवर त्याहून खूश.

मुलाखतीला पंधरा दिवस राहिले, तेव्हा मी ठरवलं की आता परक्या माणसासमोर खेळ लावायचा. शेटजींना साहेब केलं. ते दुपारचं गिऱ्हाईक नसताना काउंटरमागे ताठ बसले, डोक्यावरची टोपीसुद्धा सारखी केली. आत्या समोरच्या स्टुलावर बसली. मी दारापाशी झेरॉक्स मशीनला टेकून उभा होतो. पाच-सहा प्रश्न झाले. सगळी उत्तरं खणखणीत. शेटजी माझ्याकडे वळून म्हणाले, "भाऊ, ताईंना पुण्याला कशाला धाडता, इथल्या कचेरीतच घ्यायला पाहिजे! जा, चहा सांगून या."

मी चहा सांगायला गेलो. टपरीवर नाटकातला एक सरदार भेटला, त्याच्याशी चार गप्पा मारल्या, आणि तीन कप घेऊन परत आलो.

शेटजी काउंटरवर दोन्ही हात ठेवून बसले होते. आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"काय झालं?"

शेटजी सावकाश म्हणाले, "तुम्ही गेल्यापासून ताईंच्या तोंडून शब्द नाय निघालेला. मी तेच प्रश्न विचारले. मघाचेच." मग त्यांनी टोपी काढून बाजूला ठेवली. आता ते साहेब नव्हते. "राव, मी मघापासून बघतोय. तुम्ही तिकडून पहिला शब्द सोडता आणि मग ह्या बोलतात. आणि ह्या बसल्यात कशा ते बघा. नोकरीला चालल्यात, का कुणी बघायला आलंय?"

आत्या एकदम हसली. तिचं ते हसणं मला आजही आवडत नाही. त्यात दम नव्हता. म्हणाली, "तवा बी हाच व्हता, शेटजी. दाराआडून."

मला आठवलं. म्हणजे मी विसरलो कधीच नव्हतो, उलट ती माझी लहानपणीची आवडती गोष्ट होती. बारावी झाल्यावर आत्याला बघायला पारगावची माणसं आली, तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. पाव्हण्यांनी प्रश्न विचारायचे आणि मुलगी अडली तर दाराआडच्या बायकांनी हळूच सांगायचं, अशी आमच्याकडची रीत. त्या दिवशी बायका चहात गुंतल्या आणि दाराआड मी उभा राहिलो. त्याच चुलत सासऱ्यांनी विचारलं होतं, "उसातलं काम जमंल का?" आत्या थांबली. मला वाटलं, अडली. मी आतून म्हणालो, "जमंल की." आत्या म्हणाली, "जमंल की." पाव्हणे हसले, सुपारी फुटली, आणि पुढं कित्येक दिवस घरात माझं कौतुक चाललं होतं की पोरगं किती चलाख आहे. माझी प्रॉम्प्टरची कारकीर्द जत्रेत सुरू झालीच नव्हती. ती त्या दाराआड सुरू झाली होती.

परतीची एसटी चुकली. आम्ही चालत निघालो. ओढ्याच्या फरशीवर मी विचारलं, "आत्या, त्या दिवशी मी बोललो नसतो तर तू काय म्हणणार होतीस?"

ती चालतच राहिली. मग म्हणाली, "आता कसं सांगू? इचारच करत व्हते. तू करू दिलास कुठं?"

नाटकात प्रॉम्प्टरला सगळ्यात अवघड एकच गोष्ट शिकावी लागते. नट विसरला म्हणून थांबलाय की थांबायचं म्हणून थांबलाय, हे ओळखायचं. राजाला मी ती जागा द्यायचो. आमचा राजा दरबारात एवढा मोठा थांबायचा की मागच्या रांगेतला माणूस तंबाखू मळून घ्यायचा, पण मी वहीवरून डोळे उचलायचो नाही. घरातल्या बाईला मात्र ती जागा मी अकरा वर्षांत एकदाही दिली नव्हती. डॉक्टरांनी विचारलं तेव्हासुद्धा नाही.

त्या संध्याकाळी आत्यानं भिंतीवरचं माझं तीन रंगांचं वेळापत्रक काढलं, नीट चौकोनी घडी केली आणि चुलीत घातलं. गजराच्या घड्याळाची चावी काढून आईच्या डब्यात टाकली. म्हणाली, "आता पंधरा दिवस माझ्या मनानं. आणि तू त्वांड उघडायचं न्हाई."

"ते कसं जमायचं?" मी विचारलं. खरंच प्रश्न होता तो.

तिनं डब्यातून एक अख्खी सुपारी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "गालात धर. चावायची न्हाई."

अख्खी सुपारी गालात धरून बसलेल्या माणसाला बोलता येत नाही. बोलायला गेला तर लाळ गळते आणि इज्जत जाते. पंधरा दिवस माझ्या डाव्या गालाला टेंगूळ होतं.

नाट्यमंडळाची एक लोखंडी घडीची खुर्ची आमच्या माळ्यावर असायची. जत्रेत तिच्यावर मखमल टाकली की सिंहासन व्हायचं. ती मी खाली काढली. आत्या पाटावर नाही, त्या खुर्चीवर बसू लागली. सकाळी धारांनंतर एक तास. त्याच्या आधी नाही, नंतर नाही. चिठ्ठी ती स्वतः उचलायची, स्वतः वाचायची आणि गप्प बसायची. पहिल्या दिवशी ती इतका वेळ गप्प बसली की एक कोंबडी येऊन माझ्या पायावरून चालत गेली. सुपारी होती म्हणून मी वाचलो. मग ती बोलायला लागली. पाठ केलेलं नव्हे. "ग्रामसभा म्हंजी..." म्हणून थांबली, आणि आमच्याच गावच्या मागच्या सभेत नळाच्या पाण्यावरून काय झालं ते सांगितलं, कुणी सही केली, कुणी न वाचता अंगठा दिला, आणि कागद नीट लिहिला असता तर पाणी कसं आलं असतं. हे सगळं तिला माहीत होतं. मी कधी तिथपर्यंत पोचू दिलं नव्हतं.

गावाचा प्रश्न मी माझ्या पद्धतीनं सोडवला. एक दिवस सुपारी काढली, गिरणीत गेलो आणि तोंड पाडून सांगितलं की मुलाखत रद्द झाली. दोन दिवस सगळ्यांनी हळहळ केली आणि तिसऱ्या दिवशी विषय संपला. आत्याला कुणी काही विचारेना. तिची भूक परत आली. आयुष्यात मी बऱ्याच थापा मारल्या, पण एवढी उपयोगी पडलेली दुसरी नाही.

मुलाखतीच्या आठ दिवस आधी आम्ही पुण्याला जाऊन आलो. ही कल्पना मात्र माझी होती आणि तिनं ती घेतली. रंगीत तालीम! तीच पहाटेची एसटी, तीच साडी, तीच पिशवी, तेच कागद त्याच क्रमानं. मंचरच्या स्टँडवर तिच्या चपलेचा अंगठा तुटला. चांभारानं टाका घातला आणि मी देवाचे आभार मानले की आज तुटला. कचेरी सापडली. पाणी कुठं, बायकांची मोरी कुठं, कोणत्या जिन्यानं वर जायचं, सगळं तिनं बघून घेतलं. मुलाखतीच्या दालनाबाहेरच्या बाकावर ती अर्धा तास बसली, भाकरी आणि लसणाची चटणी खाल्ली आणि उठली.

"काय वाटलं?" मी गालातली सुपारी काढून विचारलं.

"काय वाटायचंय? बाक हाय, पंखा हाय, मानसं हायती," ती म्हणाली. पण आठ दिवस ती शांत झोपली.

खऱ्या दिवशी वडील फाट्यापर्यंत आले. असं ते कधी करत नसत. एसटी दिसली तशी त्यांनी तिची पिशवी तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "नीट जा." तिच्याकडे बघायचं त्यांनी टाळलं. पाडव्याला दीड महिना राहिला होता.

दालनाला अर्धी झुलती दारं होती, त्यामुळे आतलं ऐकू यायचं. मी बाकावर, गालात सुपारी. तिचं नाव पुकारलं. ती आत गेली. खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि मी मनात म्हणालो, पुढे ओढ, कडेला बसू नकोस. टायपिंगबद्दल विचारलं, ग्रामसभेबद्दल विचारलं. तिची उत्तरं ऐकू येत होती. आवाज मोठा नव्हता, पण अडखळतही नव्हता.

मग एक जाडसर आवाज म्हणाला, "बाई, अर्जात तुम्ही विवाहित लिहिलंय आणि पत्ता माहेरचा. उद्या सासरचे न्यायला आले की तुम्ही जाणार. आमची जागा वाया."

या प्रश्नाची चिठ्ठी मी पहिल्याच आठवड्यात केली होती. उत्तर होतं, 'घरच्यांचा मला पूर्ण पाठिंबा आहे.' ते खोटं होतं, पण सुबक होतं. आत शांतता झाली. मी मोजत होतो. दारावरचा शिपाई माझ्याकडे बघायला लागला, कारण मी बाकावरून अर्धा उठलो होतो. 'घरच्यांचा'. एवढाच शब्द. दारातून सोडला असता तर पोचला असता, माझा आवाज कुठपर्यंत जातो ते मला माहीत होतं. मी सुपारीवर दात रोवले. ती फुटली नाही, माझी दाढ मात्र सणकली.

मग आत्याचा आवाज आला. "साहेब, सात वर्षं मी भावाच्या घरी राबतीय. एक दिवस खाडा नाही. आजवर पगार कुणी दिला नाही, तरी काम सोडलं नाही. तुम्ही तर पगार देणार."

आत कुणीतरी हसलं. मग दोघं हसले. आत्या हसली नाही, एवढं मला बाहेरून कळलं. ती बाहेर आली, बाकावरची पिशवी उचलली आणि म्हणाली, "थुक ती. चल."

यादी शेटजींनी आणली. आत्याचं नाव होतं. निवड यादीत नव्हतं, प्रतीक्षा यादीत होतं, तिसरं.

वडिलांनी कागद खालीवर केला. "म्हंजी लागली का न्हाई?"

"लागंल, दादा. कुणी हजर झालं न्हाई तर," आत्या म्हणाली.

"कवा?"

"ते कुणालाच ठावं न्हाई."

वडिलांनी दोन दिवस विचार केला आणि पारगावला निरोप धाडला. मला राग आला होता, पण माणूस शब्दाचा पक्का होता आणि शब्दात प्रतीक्षा यादीला जागा नव्हती.

पाडव्याच्या चार दिवस आधी जीप आली. चुलत सासरे, आणि त्यांच्या घरातली एक बाई, हातात साडी-चोळी. आईनं पडवीत सतरंजी टाकली, आणि सवयीनं समोर पाट मांडला. आत्या बाहेर आली. तिनं पाटाकडे बघितलं. मग कोपऱ्यातली लोखंडी खुर्ची उघडली, तिचा कर्र आवाज झाला, आणि ती बसली. डोक्यावर पदर होता. नजर समोर होती.

"मग, निघायचं नव्हं?" सासरे म्हणाले.

ती थांबली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. वडील म्हणाले, "बोल की रं. एरवी तुलाच लई बोलता येतं."

माझ्या गालात त्या दिवशी सुपारी नव्हती. माझ्याकडे वाक्यं मात्र सात वर्षांच्या नाटकांची होती. कायद्याची, मानपानाची, एक तर अशी की सासरे जीपपर्यंत पळाले असते. मी सतरंजीचा एक दोरा धरून ओढत बसलो. गोठ्यात म्हैस रवंथ करत होती ते ऐकू येत होतं. एवढा वेळ आमचा राजाही कधी थांबला नव्हता.

"म्या येत न्हाई," आत्या म्हणाली. "यादीत वर गेले तरी न्हाई, न्हाई गेले तरी न्हाई."

सासरे तिच्याशी बोललेच नाहीत. ते वडिलांकडे वळले. "पावणं, तुमी शबूद दिला व्हता."

वडिलांनी पंचा खांद्यावरून काढला, मांडीवर ठेवला. "दिला व्हता," ते म्हणाले. "म्या दिला व्हता. तिला इचारलं न्हवतं." मग आईकडे बघून, "च्या टाक."

पाव्हण्यांनी चहा घेतला. साडी-चोळी परत नेली. जीप वळणावर दिसेनाशी होईपर्यंत वडील अंगणात उभे होते. आत येताना आत्याच्या खुर्चीला त्यांनी नुसता हात लावला.

त्यानंतर आठ महिने काही झालं नाही. तिनं रोपांसाठी राब भाजला, आवणी म्हणजे भाताची लावणी केली, भात कापला. पोस्टमन दिसला की मी पुढं धावायचो, ती नाही. भाताची झोडणी चालू असताना रजिस्टर पत्र आलं. नेमणूक जुन्नरला. तिनं हातातली पेंढी आधी झोडून संपवली आणि मग पाकीट फोडलं.

आता मी लग्नांत माइक धरतो. बोलायचे पैसे मिळतात, ही देवाची थट्टाच. मधे वीस वर्षांवर काळ गेला. माझ्या थोरल्या लेकीला डी.एड.च्या अर्जासाठी एक दाखला पाहिजे होता, म्हणून तिला घेऊन जुन्नरच्या कचेरीत गेलो. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले होते. आत्या चष्मा लावून टेबलामागे. समोर रांग. रांगेत बहुतेक मुली, आणि प्रत्येकीमागे बाप, भाऊ नाहीतर मामा.

आमचा नंबर आला. आत्यानं ओळख दाखवली नाही. माझ्या लेकीकडे बघून विचारलं, "शिक्षिका का व्हायचंय तुला?"

दाखल्याशी या प्रश्नाचा काही संबंध नव्हता. लेक थांबली. मी तोंड उघडलं.

"नाटक्या," आत्या कागदावरून मान वर न करता म्हणाली, "बाहेर टपरी आहे. तीन चहा सांग. सावकाश ये."

मी बाहेर गेलो. चहा सांगितला. चहावाल्यानं कप भरले, म्हणाला, "घेऊन जा, भाऊ, गार होतील."

"होऊ देत," मी म्हणालो, आणि टपरीच्या फळीवर बसून राहिलो.